सात माणसांची टाकी

कुठल्याही इमारतीत किती माणसे राहतात हे काढण्याच्या दोन शास्त्रशुद्ध पद्धती आहेत. एक, मोजणे. दुसरी, ठरवणे. पहिल्या पद्धतीत जिने चढावे लागतात, म्हणून सुसंस्कृत समाजात दुसरीच अधिक रूढ आहे.

पहिल्या पद्धतीने पाहता, नोव्हेंबर १९९७ मध्ये अबुधाबीच्या टुरिस्ट क्लब भागातल्या अल नसीम बिल्डिंगमध्ये पुढील गोष्टी होत्या. मजले सात. फ्लॅट अठ्ठावीस. लिफ्ट दोन (चालू एक, कोणती, हे रोज सकाळी कळे). बाल्कन्यांत तुळशी अकरा. दारांवर येशूच्या तसबिरी नऊ. गच्चीत डिश अँटेना एकोणीस आणि पाण्याची लोखंडी टाकी एक, तिला गंजून पडलेली भोके तीन. माणसे एकशे एकसष्ट. त्यांत मोठी चौऱ्याण्णव, मुले सदुसष्ट. सगळी भारतीय.

या चौऱ्याण्णव प्रौढांपैकी जगाच्या पाठीवर कुठेही मत देऊ शकणारे किती, हाही आकडा उपलब्ध आहे. शून्य. ज्या देशात ते राहत होते तिथे त्या काळी निवडणुकाच होत नसत, त्यामुळे फक्त आपल्यालाच वगळले अशी तक्रार करण्याची सोय नव्हती. ज्या देशाचा पासपोर्ट खिशात होता तिथल्या मतदार यादीतून त्यांची नावे कधीच उडाली होती, कारण ते तिथे राहत नव्हते. म्हणजे राहत होते तिथे नागरिक नव्हते आणि नागरिक होते तिथे राहत नव्हते. दोन्ही सरकारांचे म्हणणे तर्काला धरून होते.

अशा माणसांचे मत मागणारी एकच संस्था पृथ्वीतलावर होती. अल नसीम रहिवासी समिती. दर डिसेंबरात तिची निवडणूक होई आणि दत्तप्रसाद गोवंडे सेक्रेटरी म्हणून बिनविरोध निवडून येत. असे ते सलग सहा वर्षे आले होते. तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनियर असलेला, सातव्या मजल्यावर कंपनीच्या फ्लॅटमध्ये राहणारा हा गृहस्थ ऑफिसात कुणाच्या तरी हाताखाली होता, बँकेत टोकन नंबर होता, विमानतळावर रांगेतला एक पासपोर्ट होता. फक्त बिल्डिंगच्या लॉबीत लोक त्याला "सेक्रेटरीसाहेब" म्हणत. हे पद दत्तप्रसादांना किती प्रिय होते हे मोजण्याचे उपकरण नाही. पण लेटरहेड त्यांनी पदरमोड करून छापले होते एवढी नोंद पुरे.

त्या नोव्हेंबरात दत्तप्रसादांनी इंग्रजी पेपरात वाचले की युरोपातल्या काही देशांत परदेशी माणूस काही वर्षे राहिला की त्याला नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. नागरिक नसला तरी. दत्तप्रसाद हेलावले. शुक्रवारी सकाळी त्यांनी लॉबीत सर्वांना जमवून व्याख्यान दिले. मत हे रक्तावर किंवा कागदावर ठरत नाही, असे ते म्हणाले. कचरा कधी उचलावा, दिवे कुठे लावावेत, हे त्या गल्लीत राहणाऱ्याला कळते, चार हजार मैलांवरच्या नातलगाला नाही. शेवटी आवाज चढवून त्यांनी सांगितले, "जो जिथे पाणी पितो, तिथे त्याचे मत असलेच पाहिजे!"

टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त वेळ टाळ्या वाजवणारा होता मॉरिस. हा वसईचा, एका मोठ्या हॉटेलात बँक्वेट कॅप्टन. बायको सुझी दवाखान्यात रिसेप्शनिस्ट, मुलगा ट्रॉय दहावीत, मुलगी करेन सहावीत. हे चौघे पहिल्या मजल्यावर खैरुन्निसाच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत अकरा वर्षे राहत होते. खैरुन्निसा हैदराबादची, विधवा, घरीच शिवणकाम करणारी. फ्लॅट तिच्या नावावर, खोल्या तिने शेअरिंगवर दिलेल्या. अशी शेअरिंगवाली बरीच कुटुंबे बिल्डिंगमध्ये होती. एक फ्लॅट, तीन संसार, एक फ्रिज, त्यात प्रत्येकाचा एक कप्पा.

दत्तप्रसादांच्या पत्नी अनुपमा यांनी ते वाक्य थर्मोकोलवर सुबक अक्षरांत कोरून लॉबीत पत्रपेट्यांच्या वर लावले. अनुपमा समितीचे इतिवृत्तही लिहीत. (बिनपगारी. पगारी नोकरीला त्यांच्या व्हिसावर परवानगी नव्हती.)

पुढच्याच आठवड्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. घरमालकाच्या इस्टेट ऑफिसचे पत्रक आले: गंजलेली टाकी काढून नवी बसवायची आहे, माणशी चाळीस गॅलन धरून आकार ठरवू, तरी समितीने रहिवाशांची संख्या कळवावी. आणि त्याच संध्याकाळी मॉरिस लिफ्टमध्ये भेटला.

"दत्ताभाऊ, या वर्षी मी पण उभा राहतोय. सेक्रेटरीला."

"तू?"

"काय झालं? अकरा वर्षं पाणी पितोय इथलं."

"अरे पण शेअरिंगवाल्यांना मत कुठाय मॉरिस? आत्तापर्यंत नव्हतं."

"आत्तापर्यंत तो थर्मोकोल पण नव्हता," मॉरिस म्हणाला आणि पहिल्या मजल्यावर उतरला.

सातव्या मजल्यापर्यंतच्या उरलेल्या प्रवासात दत्तप्रसादांनी हिशेब केला. प्रौढ चौऱ्याण्णव. त्यांत फ्लॅटवाले शेहेचाळीस, शेअरिंगवाले अठ्ठेचाळीस. त्यांनी तो पुन्हा केला. दोन्ही वेळा उत्तर तेच आले, यावरून गणिताची विश्वासार्हता दिसून येते.

घरात शिरताच ते म्हणाले, "युरोपची गोष्ट वेगळी आहे."

"काय वेगळी?" अनुपमांनी कुकरवरची नजर न काढता विचारले.

"तिथे परदेशी लोक असतात. इथे हे लोक आहेत."

कुठलाही जबाबदार माणूस अशा वेळी करतो तेच दत्तप्रसादांनी केले. त्यांनी उपसमिती नेमली. मतदार पात्रता उपसमितीचे सदस्य तीन होते: दत्तप्रसाद, तिसऱ्या मजल्यावरचे निनाद सरपोतदार, जे प्रत्येक गोष्टीला अनुमोदन देत, आणि खजिनदार. उपसमितीची भूमिका अत्यंत उदार होती. मत सर्वांनाच मिळावे, फक्त ते बिल्डिंगशी खरे नाते असलेल्या सर्वांना मिळावे, एवढेच तिचे म्हणणे. खरे नाते कसे ओळखायचे, यासाठी तिने एकामागून एक कसोट्या लावल्या. कसोटी एकदा मंजूर झाली की मागे घेण्याची तरतूद घटनेत नव्हती. (घटना दत्तप्रसादांनीच लिहिली होती. सहा वर्षांपूर्वी त्यांना मागे घ्यावेसे काही वाटले नव्हते.)

पहिली कसोटी मुदतीची. "आज आले, उद्या गेले, अशांच्या हाती बिल्डिंग द्यायची का?" या प्रश्नाला सर्वांनी "छे" म्हटले आणि सलग पाच वर्षे वास्तव्याची अट मंजूर झाली. अट शेअरिंगवाल्यांसाठी होती. पण शेअरिंगवाला परवडत नाही म्हणून वर्षानुवर्षे त्याच खोलीत राहतो, आणि फ्लॅटवाल्याला कंपनी आज इकडे तर उद्या खोर फक्कानला धाडते. त्यामुळे शेअरिंगवाले तीस उरले आणि फ्लॅटवाले एकवीस. खजिनदार येऊन चौदा महिनेच झाले होते. आपणही गेलो हे अनुमोदनाचा हात खाली आणताना त्यांच्या लक्षात आले.

दुसरी कसोटी नावाची. फ्लॅट ज्याच्या नावे, किंवा कंपनीने तो ज्याच्या नावे दिला, त्यालाच मत. या एका फटक्यात तीसच्या तीस शेअरिंगवाले गेले आणि दत्तप्रसादांना तीन रात्रींनंतर झोप लागली. सोबत खैरुन्निसा सोडून बिल्डिंगमधल्या सर्व बायकाही गेल्या, कारण कंपनी फ्लॅट नवऱ्याच्या नावे देते. हे सकाळी इतिवृत्त लिहिताना अनुपमांच्या ध्यानात आले.

"अहो, म्हणजे इतिवृत्त मी लिहायचं आणि मत तुम्ही द्यायचं?"

"इतिवृत्ताला पात्रता लागत नाही," दत्तप्रसाद समजुतीने म्हणाले. "तिथे तुझ्यावर कुठलंच बंधन नाही."

उरले बारा. अकरा पुरुष आणि खैरुन्निसा. इथे खरे तर थांबता आले असते. परंतु या बारांतल्या पाच जणांचे मॉरिसशी फार जमे. नाताळला ते त्याच्याकडे केक खात. असा माणूस गुप्त मतदानात काय करील याचा नेम नसतो. म्हणून तिसरी कसोटी आली: निष्ठेची. निनाद सरपोतदारांनी ती फार सुंदर मांडली. ज्याचे दुसरीकडे घर आहे त्याचा एक पाय कायम तिकडे असतो. अशा एका पायावर उभ्या राहिलेल्या माणसाला इथल्या पाण्याची, लिफ्टची, कचऱ्याची कळकळ कशी असणार? सबब, ज्याचे अन्यत्र कुठेही घर नाही तोच खरा रहिवासी.

घर बांधण्यासाठीच जे लोक गल्फला आले होते त्यांना ही कसोटी लावणे धाडसाचे होते. पाचही केक खाणारे गेले. त्यांची विरार, ठाणे, चिपळूण वगैरे ठिकाणी घरे होती. दत्तप्रसाद आणि निनाद मात्र टिकले. त्यांनी पुण्याजवळ फ्लॅट बुक केले होते, पण बिल्डरने ताबा दिला नव्हता. दिवाळीत देतो म्हणाला होता. कुठल्या, ते बोलण्यात आले नव्हते. असे टिकलेले एकंदर सहा जण होते आणि सहाही त्याच बिल्डरचे ग्राहक होते. निष्ठा ही शेवटी दुसऱ्याच्या हातात असते, ती अशी. सातवी खैरुन्निसा. नवरा गेल्यावर दिरांनी तिचे हैदराबादचे घर ठेवून घेतले होते, त्यामुळे तिची पात्रता निर्विवाद ठरली.

मतदार यादी थर्मोकोलच्या शेजारी लागली. एकूण सात.

मॉरिसने ती वाचली. तो भांडला नाही. दत्तप्रसाद ऑफिसातून येईपर्यंत पत्रपेट्यांपाशी थांबला आणि एवढेच म्हणाला, "ठीक आहे दत्ताभाऊ. आम्ही रहिवासी नाही. मग टाकीवाल्यांना किती लिहिणार?"

"अर्थात एकशे एकसष्ट."

"लिहा की. तुमच्या सहीने आम्ही रहिवासी झालो, म्हणजे तोच कागद घेऊन मी उद्या फॉर्म भरतो."

इथे कमी दर्जाच्या माणसाने दोन ठिकाणी दोन आकडे दिले असते. दत्तप्रसाद खोटे बोलत नसत. रात्री जेवताना विषय निघाला.

"अहो, ते पाण्याचं विचारतायत, मतांचं नाही," अनुपमा म्हणाल्या. "एकशे एकसष्ट माणसं अंघोळ करतात."

"शब्द एकच आहे ना पत्रकात? रहिवासी. त्याची व्याख्या आता झाली आहे."

"आणि मी? मी कोण आहे मग?"

"तू माझ्या व्हिसावर आहेस," दत्तप्रसाद म्हणाले, आणि हे कायद्याने अचूक होते.

"डॅडी, सो आय डोन्ट लिव्ह हिअर?" दहा वर्षांच्या अथर्वने विचारले.

"जेव," दत्तप्रसाद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इस्टेट ऑफिसला लेटरहेडवर उत्तर गेले: रहिवासी संख्या सात. ऑफिसने कारकुनी तत्परतेने सातला चाळीसने गुणले. दोनशे ऐंशी गॅलनची टाकी बाजारात नव्हती म्हणून तीनशेची मागवली. (जास्तीचे वीस गॅलन ही घरमालकाची मेहेरबानी.) मोठ्या टाकीला चार हजार दिरहम पडले असते, म्हणजे चाळीस हजार रुपये, छोटी सहाशेत आली. ऑफिसने समितीचे लेखी आभार मानले. डिसेंबरात निवडणूक होऊन दत्तप्रसाद सातव्यांदा बिनविरोध आले.

नवी टाकी एप्रिलमध्ये बसली. पांढरी, फायबरची, बाळसेदार. तळघरातला पंप ती सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला भरी. पहिल्या सकाळी पाणी सहा चाळीसला संपले. हा मोसम बदलाचा परिणाम असावा, असे दत्तप्रसादांचे मत पडले. दुसऱ्या सकाळीही ते सहा चाळीसलाच संपले, तेव्हा त्यांनी मोसमाचा विचार सोडला.

इथे भौतिकशास्त्राचा थोडा संबंध येतो. टाकी गच्चीत असली आणि सगळे नळ एकदम सुटले की दाब तळमजल्याकडे जास्त असतो. पहिल्या मजल्याला धो धो पाणी येई, चौथ्याला बोटभर धार, आणि सातव्या मजल्यावरचा नळ नुसता उसासे टाकी. सेक्रेटरीच्या इभ्रतीला शोभेल म्हणून दत्तप्रसादांनी सातवा मजला निवडला होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला. ऑफिसला जायच्या आधी दाढीचा साबण तोंडाला तसाच वाळू लागला. एके सकाळी त्यांनी दोन बादल्या उचलल्या, बंद असलेल्या लिफ्टपुढे उभे राहिले, मग चालू असलेल्या लिफ्टपुढे उभे राहिले, आणि पहिल्या मजल्यावर उतरले.

दार सुझीने उघडले. मागे खैरुन्निसाचे शिवणयंत्र चालू होते आणि ट्रॉय केस पुसत होता.

"या ना दत्ताभाऊ! पाणी? घ्या की. आमच्याकडे तर कुणी राहतच नाही, त्यामुळे उरतं भरपूर." ती हसली आणि तिने दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या. "ट्रॉय, अंकलना लिफ्टपर्यंत सोड. सांडायला नको, सात जणांचं पाणी आहे."

सुधारित आकडा पाठवण्यासाठी दत्तप्रसादांनी इस्टेट ऑफिस गाठले. ऑफिस सौजन्याने वागले. समितीच्या सहीने आलेली संख्या समितीच्याच ठरावाने बदलता येईल, म्हणाले. ठराव मतदारांच्या सभेत व्हावा. इन्शाल्ला, मग मोठी टाकी आणू.

दत्तप्रसादांनी सातही मतदारांची सभा बोलावली. पण त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आले. ज्या बिल्डरने चार दिवाळ्या खाल्ल्या होत्या त्याने कसलाही इशारा न देता ताबा देऊन टाकला होता. सहाही फ्लॅटचा. सहा जणांच्या घरी त्या दिवशी श्रीखंड झाले. दत्तप्रसादांनी दोन चमचे खाल्ल्यावर त्यांचा हात थांबला. अन्यत्र घर असलेला माणूस रहिवासी नाही. रहिवासी नसलेला मतदार नाही. मतदार नसलेला सेक्रेटरी नाही. कसोटी मागे घेण्याची तरतूद नव्हती.

अल नसीम बिल्डिंगची सर्व सत्ता आता लोकशाही मार्गाने खैरुन्निसाच्या हाती आली होती.

शुक्रवारी सभा झाली. मतदार एक, प्रेक्षक एकशे साठ, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा. खैरुन्निसा खुर्चीवर अंग चोरून बसली होती. गळ्यात अजून मोजमापाची टेप होती.

"मेरेकू क्या करना है भाईसाब?"

"आपको ठराव पास करना है आपा," दत्तप्रसाद म्हणाले. "आप अकेली कर सकती हैं. जो बोलेंगी वो एकमत."

"अकेली? इत्ते लोगां बैठे हैं ना!"

तिने सगळ्यांकडे पाहिले. मग तिची नजर पत्रपेट्यांवरच्या थर्मोकोलवर गेली. अक्षरे सुबक होती, पण मराठी तिला वाचता येत नव्हते.

"ये क्या लिखा है?"

अनुपमांनी इतिवृत्ताचे पेन उघडले. मॉरिस छताकडे पाहू लागला. भाषांतर करणे वाक्याच्या कर्त्यालाच भाग होते.

"लिखा है," दत्तप्रसाद घसा साफ करून म्हणाले, "कि जो जहाँ पानी पीता है, वहाँ उसका मत होना चाहिए."

"किसने लिखा?"

"मैंने."

"अच्छा लिखा," खैरुन्निसा म्हणाली. "बस, येइच पास कर देव. खलास."

एकमताने मंजूर झाले. नवा आकडा गेला आणि जूनमध्ये साडेसहा हजार गॅलनची टाकी आली. त्याच महिन्यात चौऱ्याण्णव मतदारांनी निवडणूक केली. मॉरिस पंचावन्न, दत्तप्रसाद अडतीस, बाद एक. बाद मतपत्रिकेवर निळ्या शाईत लिहिले होते, "आधी इतिवृत्त कोण लिहिणार ते सांगा." अक्षर सुबक होते. दत्तप्रसादांनी ते ओळखले आणि घरी त्याविषयी काही विचारले नाही. उरलेले लेटरहेड पुढे अथर्वला पाठकोऱ्या बाजूने गणितासाठी उपयोगी पडले.

सातव्या मजल्यावर आता दिवसभर पाणी होते. दत्तप्रसादांना ते गोड लागेना. अंघोळ करून, दाढी करून, कोरड्या शर्टात ते लॉबीतून जात आणि कुणी त्यांना सेक्रेटरीसाहेब म्हणत नसे. मत होते, पण ते चौऱ्याण्णवांतले एक होते, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत माणसाला आपण आहोत असे वाटत नाही.

अशा मनःस्थितीत २००२ साली पुण्याच्या सोसायटीची नोटीस आली. पाकिटावर "माननीय सभासद" असे छापले होते. दत्तप्रसादांनी ते दोनदा वाचले. त्यांच्या फ्लॅटमध्ये चार वर्षे एक भाडेकरू कुटुंब राहत होते. नवरा, बायको, दोन मुली. सोसायटीत अशी कुटुंबे बरीच होती आणि पाणी कमी पडत होते, कारण टाकी बसवताना फ्लॅटमागे एक सभासद मोजला गेला होता. भाडेकरूंनी अर्ज केला होता की पाण्याच्या विषयापुरते तरी आम्हाला मत असावे. त्यांच्या अर्जात दत्तप्रसादांच्या भाडेकरूंचीही सही होती. दत्तप्रसादांना हा विषय समजायला वेळ लागला नाही. त्याचे ते जाणकार होते. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ऑफिसातून फॅक्स केला.

ही सोसायटी नेमकी कुठली, असे वाचकांनी विचारू नये. आपल्या सोसायटीच्या मागच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त कपाटातून काढावे. विषय क्रमांक चार किंवा पाच. हजेरीच्या पानावर आपली सही सापडेल.

त्या सभेचा निकाल असा. फ्लॅट ४०. राहणारी माणसे १७२. ठरावाच्या बाजूने ०, विरुद्ध ४०. त्यांत फॅक्सने १. दुसऱ्या दिवशी पाणी सकाळी सहा चाळीसला गेले.